रोड सायकलचा टायर कापला गेला तर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राईडला भेटलं की किंवा टायरचे फोटो पाठवून लोक मला सारखं तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. हे रोड सायकलच्या टायरबद्दल आहे, म्हणजे ७०० बाय २३ ते ७०० बाय ३२ पर्यंतचे (दुसरा आकडा रुंदीचा, मिमीमध्ये) पातळ, जास्त हवेचे टायर. एमटीबीला, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाईकला, यातलं बरंचसं लागू होतं, पण तिथे हवा कमी असल्यामुळे चूक झाली तरी खपून जाते, इथे खपत नाही. टायर ट्यूबवाला आहे असं धरून लिहिलंय, ट्यूबलेसचं वेगळं प्र. १० मध्ये आहे.

१. टायरवर चीर दिसली, टायर गेला का?

बहुतेक वेळा नाही. टायरचे दोन भाग डोक्यात वेगळे ठेवा, वर दिसतं ते रबर आणि आत असते ती दोऱ्यांची केसिंग, म्हणजे नायलॉनचे बारीक दोरे तिरपे, साधारण ४५ अंशात, थरावर थर टाकून रबरात बसवलेले असतात. हवेचा सगळा ताण हे दोरे घेतात, वरचं रबर फक्त घासण्यासाठी आणि पकडीसाठी आहे. त्यामुळे रबर कितीही ओरबाडलेलं दिसलं तरी दोरे शाबूत असतील तर टायर चांगला आहे, आणि वरून अर्ध्या सेंटिमीटरची साधी रेघ दिसतेय पण आतले दोरे तुटलेत तर तो टायर आजारी आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हेच बघतोय, दोरे तुटलेत का आणि किती.

२. चीर दोऱ्यांपर्यंत गेलीय हे कळणार कसं? वरून तर सगळ्या सारख्याच दिसतात.

हवा अर्धी काढा, चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून टायर वाकवा म्हणजे चीर तोंड उघडेल. आत काळं रबरच दिसलं तर ठीक. पांढरट, पिवळसर किंवा तपकिरी जाळीसारखं काही दिसलं तर तुम्ही दोऱ्यांपर्यंत किंवा पंक्चर पट्ट्यापर्यंत (पंक्चर अडवायला ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागाखाली, घातलेला पट्टा) पोचलात. आत काचेचा कण असला तर आधी दाभणाने किंवा सेफ्टी पिनने हळूच उकरून काढा, बोटाने चाचपू नका. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये घुसल्या तर दिसतच नाहीत, चिमट्याने ओढाव्या लागतात.

शंका उरली तर टायर काढा, अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च टायरच्या आतून धरा आणि बाहेरून बघा. उजेड दिसला म्हणजे आरपार आहे. आतून बोट फिरवल्यावर दोऱ्यांची टोकं केसाळ लागत असतील तरीही दोरे तुटलेत असंच धरा, उजेड दिसो न दिसो.

३. नुसती रबरावरची चीर आहे, भरायची का? फेविक्विक चालेल का?

२-३ मिमीची असेल तर मी काहीच करत नाही, खडा काढतो आणि सोडून देतो. त्यापेक्षा मोठी, तोंड वासणारी असेल तर भरलेली बरी, कारण अशा चिरेत बारीक खडी जाऊन बसते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडी थोडी आत ढकलली जाते, मग महिन्याभराने पंक्चर होतं आणि माणूस म्हणतो आज तर रस्त्यावर काहीच नव्हतं.

फेविक्विकच्या जातीचे गोंद पटकन धरतात पण वाळल्यावर कडक होतात आणि टायर तर सतत वाकत असतो, त्यामुळे अगदी बारीक चिरेला एक थेंब ठीक आहे, मोठ्या चिरेत तो तडकून पडतो. मोठीला वाळल्यावरही लवचिक राहणारा रबरी गोंद घ्या, बुटाचे सोल चिकटवायला वापरतात तसला. चीर स्पिरिटने पुसायची, हवा कमी करून तोंड उघडायचं, काडीपेटीच्या काडीने गोंद आत भरायचा, वरचा सांडलेला पुसायचा, हवा सोडूनच रात्रभर ठेवायचं. यामुळे टायरला ताकद येत नाही हे नीट लक्षात घ्या, फक्त खडी आत जायची थांबते.

४. चीर आरपार आहे. आतून पॅच कसा लावायचा?

याला आपल्याकडे पंक्चरवाले गेटर म्हणतात, इंग्रजी व्हिडिओत बूट म्हणतात, गोष्ट एकच. कायमचा गेटर घरी बसून निवांत करायचं काम आहे आणि नीट केला तर टायर झिजेपर्यंत टिकतो, माझ्या मागच्या टायरने असा गेटर घेऊन दोन पावसाळे काढले.

आधी गेटर कशाचा. मला सगळ्यात आवडतो तो जुन्या पातळ रोड टायरच्या साईडवॉलचा, म्हणजे बाजूच्या भागाचा तुकडा, कारण त्यात दोरे असतात आणि तो ताणला जात नाही. इथेच बरेच जण चुकतात, ट्यूबचा पॅच किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवतात. ट्यूबचं रबर ताणतं, हवा भरली की तो पॅचसुद्धा ट्यूबसोबत भोकातून बाहेर यायला लागतो. गेटरचं काम ट्यूबला अडवायचं आहे, त्यामुळे न ताणणारी वस्तू पाहिजे.

चिरेपेक्षा सगळ्या बाजूंनी किमान १० मिमी मोठा तुकडा कापा, कोपरे गोल करा, टोकदार कोपरा ट्यूबला घासून भोक पाडतो. कडा पॉलिश पेपरवर घासून पातळ करा म्हणजे गेटर संपतो तिथे पायरी राहणार नाही. टायरची आतली बाजू साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, गेटर बसणार त्या जागी पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, फक्त चमक जाईपर्यंत. दोरे उघडे पडेपर्यंत घासलंत तर दुरुस्ती करता करता टायर मारलात.

मग ट्यूब पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा आणि थांबा. पाच मिनिटं, पावसाळ्यात दहा. बोट लावल्यावर चिकटलं नाही पाहिजे इतकं वाळू द्या. ओलं असताना चिकटवलेला गेटर सरकतो, निम्म्या तक्रारी इथूनच येतात. टायर चाकावर जसा गोल असतो तसाच वळवून धरा आणि गेटर दाबा, सपाट पसरून चिकटवला तर नंतर त्याला सुरकुती येते. चमच्याच्या पाठीने जोरात घासून दाबा, वर टाल्कम पावडर भुरभुरा म्हणजे सांडलेल्या सोल्युशनला ट्यूब चिकटणार नाही. जमलं तर रात्रभर वजनाखाली ठेवा. बाहेरून चीर प्र. ३ प्रमाणे भरून टाका, नाहीतर पाणी आणि माती आत जाऊन गेटर सुटतो.

५. किती मोठी चीर चालते? एक आकडा सांगा ना.

सांगतो, पण हा माझा अनुभवाचा आकडा आहे, कुठल्या कंपनीचा नियम नाही. ट्रेडवर, म्हणजे मधल्या भागात, दोऱ्यांतून ५-६ मिमीपर्यंत आरपार असेल तर गेटर टाकून कायमचा वापरतो. ६ ते १० मिमी असेल तर गेटर टाकून घरापर्यंत, फार तर जवळपासच्या सपाट राईडला, आणि नवीन टायर मागवतो. १० च्या वर फक्त घरी पोचायला.

आता हे असं का ते बघा. २५ मिमीच्या टायरमध्ये ८७ पीएसआय, म्हणजे ६ बार हवा आहे (पीएसआय आणि बार ही हवेच्या दाबाची मापं). ५ मिमीचं गोल भोक असेल तर ट्यूबला त्या भोकातून बाहेर ढकलणारा जोर साधारण सव्वा किलो असतो. भोक १० मिमीचं झालं की तोच जोर पावणेपाच किलोच्या आसपास जातो, भोक दुप्पट झालं तर जोर चौपट. शिवाय तुटलेल्या दोऱ्यांचा ताण शेजारच्या दोऱ्यांवर जातो, ते थकतात, चीर वाढत जाते. म्हणून "परवा तर एवढीच होती" असं वाटतं.

६. साईडवॉलला चीर आहे. तोच नियम?

नाही, तिथे फार जपून. बऱ्याच टायरमध्ये ट्रेडखाली केसिंगचे तीन थर असतात आणि बाजूला कमी, वर रबरही नावापुरतं आणि पंक्चर पट्टा तर तिथपर्यंत येतच नाही. त्यात चाक फिरताना सगळ्यात जास्त वाकते ती साईडवॉलच. ३ मिमीपर्यंत असेल तर मी गेटर टाकून मागच्या चाकाला वापरलाय, त्यावर असेल तर टायर बदला. नुसता एखादा दोरा बाहेर लोंबत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा तो बीडजवळच्या (बीड म्हणजे रिममध्ये अडकणारी टायरची कड) थराचा कडेचा धागा असतो, कात्रीने कापा, ओढू नका.

चीर बीडला असेल तर काहीही करू नका, टायर बाद. पंक्चरवाल्याने पातळ टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरला की हे होतं, म्हणून प्लास्टिकचे लिव्हर स्वतःजवळ ठेवा आणि तेच त्याच्या हातात द्या.

७. रस्त्यात टायर फाटला, जवळ गेटर नाही. काय वापरू?

न ताणणारं, न फाटणारं, पातळ काहीही. एनर्जी जेलचं पाकीट, चॉकलेट बारचा रॅपर दोन-चार घड्या करून, टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा, टेट्रापॅकचा तुकडा. काहीच नसेल तर नोट, आपल्या नोटा कापसापासून बनवलेल्या कागदाच्या असतात त्यामुळे साध्या कागदापेक्षा कितीतरी चिवट, दहाची नोट चार घड्या करून चिरेमागे ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा मात्र नको, त्याच्या कडा ट्यूब कापतात. रस्त्याच्या कडेला सायकलचा जुना टायर टाकलेला दिसला तर त्याचा तुकडा सगळ्यात भारी.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी माझ्या मागच्या टायरला बाटलीच्या काचेने ८ मिमीची चीर पाडली, रविवारची सकाळ, दुकानं बंद, जेलच्या पाकिटाची तीनपदरी घडी टाकून मी घाट न चढता परत फिरलो आणि सत्तर किलोमीटर घरी आलो. घाट सोडल्याचं वाईट वाटलं, पण उतरणीवर त्या पाकिटाच्या भरवशावर जायची माझी तयारी नव्हती आणि आजही नसेल.

ट्यूबला थोडी हवा भरून गेटर मध्ये पकडायचा म्हणजे तो हलत नाही, मग टायर चढवायचा. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड करणाऱ्यांनी तर तयार चिकटणारा गेटर किंवा टायरचा तुकडा सीट बॅगेत ठेवलाच पाहिजे, दोन कंट्रोलच्या (वाटेतल्या तपासणी ठिकाणांच्या) मध्ये बाहेरची मदत घेता येत नाही आणि २०० किलोमीटरला साडेतेरा तासच असतात.

८. असं तात्पुरतं केल्यावर हवा किती भरू?

नेहमीपेक्षा १५-२० पीएसआय कमी. त्याहून कमी केली तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटते. भरताना थांबत थांबत भरा, दर वीस पीएसआयला चिरेकडे बघा, ट्यूब डोकावतेय किंवा टायर तिथे फुगतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. दर पाच-सात किलोमीटरला उतरून बघा. घरी आल्यावर प्र. ४ प्रमाणे नीट करा, रॅपर टाकलाय हे विसरून महिनाभर फिरणारे लोक मी बघितलेत.

९. पंक्चरवाल्याकडून गेटर टाकून घेऊ का? हॉट पॅच? मोचीकडून शिवून?

गेटर टाकायची कला पंक्चरवाल्यांइतकी कुणालाच येत नाही, पण त्यांच्याकडे तुकडे असतात ते साध्या रोडस्टर सायकलच्या जाड टायरचे. तो तुकडा २५ मिमीच्या टायरमध्ये टाकला तर चाक दर फेऱ्याला धप धप उडतं आणि जाड कडेशी ट्यूब कापली जाते. तुमचा पातळ तुकडा घेऊन जा आणि त्यांच्याकडून लावून घ्या, हे उत्तम. हॉट पॅच, म्हणजे तापवून दाबून बसवलेला पॅच, मी रोडच्या टायरवर करून घेत नाही, ती उष्णता आणि दाब जाड रबरासाठी ठरवलेले असतात. कारच्या ट्यूबलेसचा मश्रूम प्लगही नको, खूप जाड.

शिवणं ही जुनी युक्ती आहे आणि टूरिंगच्या कमी हवेच्या टायरला आतून गेटर टाकून ती चालते. रोडला नको, कारण सुईची भोकं चिरेच्या दोन्ही बाजूचे चांगले दोरेही दुखावतात आणि दोरा ट्यूबला घासत राहतो.

१०. ट्यूबलेस टायर आहे, सीलंट चिरेतून उडतंय. आता?

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते, आत सीलंट म्हणजे भोकं आपोआप बुजवणारा द्रव असतो. आधी चीर खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा आणि एक-दोन मिनिटं थांबा, हवा थोडी कमी झाली की बऱ्याचदा सीलंट धरतं. जास्त हवेला रोडच्या टायरवर ते टिकत नाही हीच अडचण आहे, चार बारच्या वर सीलंट बसायच्या आधी उडून जातं. धरलं नाही तर प्लगची, म्हणजे भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी टोचा, टोकं दोन-तीन मिमी ठेवून कापा. रोड टायर पातळ असल्यामुळे प्लगला धरायला रबरच कमी मिळतं, म्हणून लांब भेगेपेक्षा गोल भोकात तो चांगला बसतो.

प्लगही थांबला नाही तर व्हॉल्व्ह काढून ट्यूब टाका आणि चिरेमागे प्र. ७ चा गेटर. पण त्याआधी एक काम विसरू नका, टायरच्या आतून पूर्ण गोल फडकं फिरवा. बाभळीचे काटे सीलंटने बुजवलेले असतात, तुम्हाला महिनोन्महिने कळलेलेही नसतात, आणि ट्यूब टाकली की पहिल्याच मिनिटाला ते सगळे ट्यूबमध्ये घुसतात. एका राईडला आम्ही अशा तीन ट्यूब घालवल्या.

घरी कायमचं करताना आतलं वाळलेलं सीलंट बोटाने सोलून काढा, स्पिरिटने पुसा, मग प्र. ४. सीलंटच्या पापुद्र्यावर कुठलंच सोल्युशन धरत नाही. इथे पॅचने हवाही धरायची असते, त्यामुळे ट्यूबलेस टायरसाठी मिळणारा पातळ पॅच घ्या, कडा अजिबात सुटता कामा नये.

११. हूकलेस रिम आहे, काही वेगळं?

हूकलेस म्हणजे टायरची कड अडकवायला आत आकडा नसलेली रिम. गेटर बीडपर्यंत जाऊ देऊ नका, बीड नीट बसला नाही तर टायर रिममधून उडू शकतो. आणि हूकलेसला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही कमाल मर्यादा आहेच, ट्यूब टाकली म्हणून ती वाढत नाही. रिमवर किंवा टायरवर याहून कमी लिहिलं असेल तर तेच पाळा.

१२. टीपीयू किंवा लेटेक्स ट्यूब वापरतो. छोट्या चिरेनेही ट्यूब जाते, असं का?

लेटेक्स फार ताणते त्यामुळे बारीक भोकातूनही बाहेर डोकावते, साध्या ब्युटाईल (नेहमीच्या काळ्या रबराच्या) ट्यूबला जी चीर चालते ती हिला चालत नाही. टीपीयू (पातळ, हलक्या प्लास्टिकची ट्यूब) एकदा ताणली की मूळ आकारात परत येत नाही, भोकात फोड आल्यासारखी फुगते आणि तिथेच फुटते. दोन्हींसाठी २ मिमीच्या आरपार चिरेलाही गेटर टाका. टीपीयूला साधं सोल्युशन आणि साधा पॅच चिकटत नाही, तिचे वेगळे पॅच येतात.

१३. माझ्या टायरवर दोन छोटे गोल खड्डे आहेत, अगदी नीट गोल. ही भोकं भरू का?

नका भरू! फोटो बघून दर महिन्याला कुणाला तरी हे सांगतो. कॉन्टिनेंटलच्या आणि इतरही काही रोड टायरवर ट्रेड किती उरलाय हे दाखवायला असे खड्डे दिलेले असतात. ते दिसेनासे झाले की टायर बदलायचा. एका मित्राने गोंद भरून बुजवले होते, मग टायर कधी संपला हे त्याला कळलंच नाही.

१४. चीर दिसत नाही पण एका जागी टायर फुगलाय.

आतले दोरे तुटलेत, वरचं रबर एकटं धरून आहे. सायकल थांबवा, हवा कमी करा, हळू घरी जा, टायर बदला. गेटर टाकून हा टायर वाचवायचा प्रयत्न करू नका.

१५. गेटर टाकलेला टायर पुढे लावू की मागे?

मागे. नेहमी मागे. मागच्या चाकावर वजन जास्त येतं हे खरं, आणि म्हणून बरेच जण गेटरवाला टायर पुढे घेतात, पण मागचा टायर फुटला तर सायकल वळवळते आणि थांबवता येते, पुढचा फुटला तर हँडलच हातात राहत नाही. नवीन टायर घेतलात तर तो पुढे, पुढचा चांगला मागे, मागचा बाद. सिंहगड, बापदेव, ताम्हिणी असे उतार नेहमीचे असतील तर पुढे कुठलीही आरपार चीर ठेवूच नका, मग ती २ मिमीची का असेना. रिम ब्रेक असेल तर लांब उतारावर रिम तापते, आतली हवाही तापून दाब वाढतो, म्हणजे गेटरवर सगळ्यात जास्त जोर नेमका सगळ्यात जास्त वेगात येतो. चांगला टायर महाग असतो, मान्य, मी पण चार वेळा विचार करतो, पण पुढच्या चाकावर नाही.

१६. साईडवॉलवर पूर्ण गोल रेघ पडलीय, काचेने असं कसं होईल?

काचेने नाही, ब्रेक पॅड वर सरकून टायरला घासतोय. आधी पॅड खाली घ्या. दोरे दिसत असतील तर टायर गेला, गोल चिरेला गेटर नसतो.

१७. पावसाळ्यातच एवढ्या चिरा का पडतात?

ओलं रबर सहज कापलं जातं, पाणी काचेला वंगणासारखं काम करतं. शिवाय पाण्याबरोबर सगळी खडी आणि काच वाहून रस्त्याच्या कडेला येते, आणि आपण कडेनेच चालवतो. ओली काच टायरला चिकटून फिरते, एका फेऱ्यात जे आत जात नाही ते पन्नास फेऱ्यांत जातं. म्हणून जून ते सप्टेंबर हवा ५-१० पीएसआय कमी ठेवा आणि प्रत्येक राईडनंतर फडक्याने टायर पुसत पुसत बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

१८. टायर नवीन होता, शंभर किलोमीटरही झाले नाहीत. बदलून मिळेल का?

काचेने, दगडाने कापला असेल तर सहसा नाही, वॉरंटी बनवण्यातल्या दोषाला असते. काहीच न लागता बीड सुटला, थर उकलले, टायर वाकडा फिरतोय, असं असेल तर बिल आणि फोटो घेऊन दुकानात जरूर जा.

१९. टायर शेवटी बाद झाला. फेकून देऊ?

अजिबात नाही, त्यातून पुढच्या चार वर्षांचे गेटर निघतात. बीड दोन्हीकडून कापून टाका, साईडवॉलचे चांगले भाग बघून ३ बाय ५ सेंटिमीटरचे तुकडे कापा, कोपरे गोल करा, कडा घासून घ्या. एक सीट बॅगेत, एक ऑफिसच्या बॅगेत, दोन-तीन ग्रुपमध्ये वाटायला. ट्रेडचा जाड भाग घेऊ नका.